गुरुजींचा कॅमेरा आणि १ जानेवारी २००३

डिजिटल फोटो काढायला फुकट असतो, असं ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याने तो नंतर शोधायला किती शनिवार-रविवार लागतात याचा हिशोब केलेला नसणार. रोलच्या जमान्यात बरं होतं. ३६ फोटो, त्यातले चार हललेले, दोघांत डोळे मिटलेले, उरलेले तीस अल्बमच्या प्लास्टिकच्या खिशात. संपला विषय. फोटोच्या मागे पेनने तारीख लिहिणारा एक तरी काका प्रत्येक घरात असायचा. आता काका आहेत, पण फोटोला मागची बाजूच राहिली नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरी एक जुना कॉम्प्युटर असणार. हॉलच्या कोपऱ्यात, वर क्रोशाचं कव्हर टाकलेला. त्यात 'फोटो', 'फोटो नवीन' आणि 'न्यू फोल्डर (७)' असे फोल्डर असणार, आणि "एकदा बसून सगळं नीट लावायचंय" हे वाक्य दर दिवाळीला म्हटलं जात असणार. आमच्याकडेही तेच होतं. गेल्या काही महिन्यांत मी पुण्याहून बीडला जाऊन-येऊन ते काम करतोय, आणि ते करण्यामागे एक कारण घडलं. त्याबद्दल आजचा लेख.

आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळा पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका वाडीवर. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. आप्पा बीडहून अप-डाऊन करायचे. २००५च्या दिवाळीत त्यांनी ३.२ मेगापिक्सेलचा, पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा घेतला. घरच्यांना वाटलं आमच्यासाठी घेतला. पण त्या कॅमेऱ्याने आमचे जेवढे फोटो काढले त्याच्या वीसपट शाळेचे काढले. वृक्षारोपण, खिचडीची पंगत, शाळेची नवी चटई, चटईवर बसलेली पोरं, पाहुणे आलेले, पाहुणे न आलेले, सगळं. संध्याकाळी घरी येऊन ते कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर टाकायचे, अर्थात वीज असली तर. त्या काळातलं लोडशेडिंग आठवतंय ना? कॉपी अर्धी झाली की लाईट जायची. मग लाईट आल्यावर आप्पा सगळं पुन्हा पहिल्यापासून कॉपी करायचे, आणि तेही नव्या फोल्डरमध्ये, "उगं रिस्क नको" म्हणून. त्यामुळे 'शाळा', 'शाळा नवीन', 'शाळा नवीन पूर्ण' आणि 'शाळा नवीन पूर्ण खरे' अशी ती वंशावळ तयार झाली.

२०१५ला आप्पा निवृत्त झाले, कॅमेरा कपाटात गेला, कॉम्प्युटर कव्हराखाली गेला. विषय तिथेच थांबला असता.

या वर्षी आप्पांना एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता चाकणला एका कंपनीत आहे. वाडीवर दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलंय, वास्तुशांती करायची आहे. म्हणाला, "गुरुजी, माझ्या मायचा एखादा फोटो निघल का तुमच्याकडं?"

यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. ही वाडी ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी (नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात) बिऱ्हाड भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. याची आई २००९च्या हंगामात गेली आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या अपघातात तिकडेच वारली. लग्नात फोटोग्राफर नव्हता. मतदार ओळखपत्र होतं, ते बिऱ्हाडाच्या बाडबिस्तऱ्यात कुठेतरी गेलं. आधार कार्डाची सुरुवात झाली सप्टेंबर २०१०मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. म्हणजे ती गेल्यावर. आपल्याला वाटतं की प्रत्येक माणसाचा कुठेतरी एक तरी फोटो असतोच. तसं नसतं.

त्याला एवढंच आठवत होतं की तो दुसरीत असताना झेंडावंदनाला आई शाळेत आली होती, आणि गुरुजी फोटो काढत होते.

मी इंजिनिअर माणूस. म्हटलं, दुसरीत म्हणजे २००७-०८. तारखेप्रमाणे फोटो लावू, झेंडावंदनाचे बघू, पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटर सुरू होईना, म्हणून त्यातली ४० जीबीची हार्ड डिस्क काढली, ॲडॉप्टर लावून लॅपटॉपला जोडली. (डिस्क चालली! वीस वर्षांची डिस्क कर्र-कर्र करत चालू झाली तेव्हा मी आणि आप्पा दोघेही देवाला नमस्कार करावा तसे तिच्यापुढे बसलो होतो.) पहिलं काम म्हणजे सगळं जसंच्या तसं दोन ठिकाणी कॉपी करून मूळ डिस्क बाजूला ठेवली. एकूण ११,४८२ फाइली. लाईटच्या कृपेने झालेल्या जुळ्या-तिळ्या प्रती काढून टाकल्या. फाइलीतल्या मजकुरावरून एक आकडा काढायचा, ज्यांचा आकडा सारखा त्या फाइली सारख्या. नावं वेगळी असली तरी फसायला होत नाही. उरल्या ६,९१७.

मग तारखेप्रमाणे लावल्या आणि कळलं की आप्पांच्या कॅमेऱ्यानुसार जवळजवळ सगळं आयुष्य २००३ सालीच घडलं होतं. म्हणजे कॅमेरा विकत घ्यायच्या दोन वर्षं आधी!

झालं असं होतं. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात एक छोटी चिठ्ठी असते, तिला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या एका संघटनेने १९९५ साली ठरवलेली पद्धत. फोटो कधी काढला, शटरचा वेग किती, फ्लॅश उडाला का, हे सगळं कॅमेरा त्यात लिहितो. आपला फोन, कॉम्प्युटर, सगळे प्रोग्राम तारीख तिथूनच वाचतात. पण चिठ्ठी लिहिणारा कॅमेराच काय तो वेळ सांगणार, आणि त्याचं घड्याळ सेलवर. सेल संपून कॅमेरा दोन-चार दिवस तसाच पडला की घड्याळ मरतं, आणि नवीन सेल टाकले की ते कारखान्यातल्या पहिल्या तारखेपासून सुरू होतं. आमच्या कॅमेऱ्याची ती तारीख १ जानेवारी २००३, रात्रीचे १२. स्क्रीनवर तो विचारायचा "तारीख लावायची का?" आणि समोर पोरं ओळीत उभी असताना कोणता शिक्षक त्याच्याशी वाद घालत बसेल?

बरं, झेंडावंदनाचे फोटो तरी किती असणार? इथे मराठवाड्याचा हिशोब वेगळा आहे बरं का. बाकी महाराष्ट्रात वर्षाला तीन झेंडावंदनं: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. आमच्याकडे चार. १७ सप्टेंबरलाही, कारण निजामाच्या राजवटीतून आम्ही सुटलो ते १९४८च्या १७ सप्टेंबरला. दहा वर्षं गुणिले चार. तोच खांब, तीच रांगोळी, तोच चुन्याने मारलेला रस्ता, आणि तारीख सगळ्यांची २००३. शिवाय मी त्या बाईला कधी पाहिलेलं नाही.

आता गंमत. कॅमेऱ्याचं घड्याळ मेलं तरी त्याचा फोटोमोजणीचा आकडा सहसा मरत नाही. फाइलीचं नाव 'डीएससी' आणि पुढे चार आकडे, ते ९९९९पर्यंत वाढत जातात. काही कॅमेऱ्यांत कार्ड रिकामं केलं की मोजणी पुन्हा १पासून सुरू होते. आमचा नशिबाने त्यातला नव्हता. म्हणजे फोटो तारखेने न लावता नावाने लावले की खरा क्रम मिळतो. आणि त्या क्रमात चालत गेलं की मध्येच तारीख धाडकन १ जानेवारी २००३वर पडते. तिथे सेल बदलले. अशा पाच पडझडी सापडल्या. दोन पडझडींमधल्या तुकड्यात घड्याळ चुकीचं असलं तरी चालत होतं बरोबर. म्हणजे तुकड्यातल्या एकाच फोटोची खरी तारीख कळली की अख्खा तुकडा जागेवर आणता येतो. एक खुंटी पक्की ठोकली की पूर्ण दोरी ताणता येते, तसं.

खुंटी दिली फळ्याने. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आमच्या शाळांत फळ्यावर रोज वरती सुविचार, एका बाजूला वार आणि दिनांक, दुसऱ्या बाजूला पट आणि हजर. मुलं किती, मुली किती, एकूण किती. एका फोटोत चौथीतली एक मुलगी आईची साडी नेसून, हातात छडी घेऊन वर्ग शिकवतेय. शिक्षक दिन. तिच्या डोक्यामागे सुरेख अक्षरात 'बुधवार, दि. ५/९/२००७'. कॅमेऱ्याच्या मते ती वेळ २२ जानेवारी २००३, पहाटे ३ वाजून ४० मिनिटं. पहाटे पावणेचारला भरलेली शाळा!

मोजलं. फरक १,६८७ दिवस. तासांचा अंदाज शाळेच्या वेळेवरून, साधारण ७. पण मला एका खुंटीवर भरवसा नव्हता. पुढे दुसरा फळा सापडला, कॅमेऱ्यानुसार २२ मे २००३. त्यात १,६८७ दिवस मिळवले की ३ जानेवारी २००८ येते. फोटो मोठा केला. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार, आणि फळ्यावर 'गुरुवार, दि. ३/१/२००८'. मी खुर्चीतून उठून आप्पांना टाळी दिली. ऑफिसात महिनाभर खपून प्रोग्राम चालला तेव्हाही एवढं भारी वाटलं नव्हतं.

मग एक्झिफटूल नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, तो एका आज्ञेत शेकडो फोटोंच्या तारखा पाहिजे तेवढ्या पुढे-मागे सरकवतो. तुकडा सरकवला. तुकड्याचा अगदी पहिला फोटो, कॅमेऱ्यानुसार १ जानेवारी २००३, १२ वाजून १२ मिनिटं, तो आला १५ ऑगस्ट २००७च्या सकाळी सात-सव्वासातला. म्हणजे आप्पांनी झेंडावंदनाच्या सकाळीच नवीन सेल टाकले होते. त्या सकाळचे २३ फोटो.

पण हे सांगण्याआधी ३ जानेवारीच्या त्या फळ्याबद्दल. तारखा जुळल्याच्या आनंदात मी उजवीकडचा कोपरा वाचलाच नव्हता. तो आप्पांनी वाचला. ५ सप्टेंबर: पट ४१, हजर ३८. ३ जानेवारी: पट ४१, हजर १७. फोटो खऱ्या क्रमाने लागल्यावर हे नुसतं बघत गेलं तरी दिसतं. ऑगस्टमध्ये चटई पुरत नाही. सप्टेंबरात तेच. दिवाळीची सुट्टी. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या फोटोत चटईचं डिझाइन दिसतं. ज्या पोरांना सांभाळायला आजी-आजोबा आहेत, किंवा ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय झाली, ती उरतात. बाकीची आई-बापाबरोबर फडावर. मी ऊसतोडीवरचे लेख वाचलेत, आकडेही वाचलेत, बीडचाच आहे, तरी चटईचं डिझाइन बघून जे कळलं ते तोवर कळलं नव्हतं. आणि तारखा विस्कटलेल्या असताना ते दिसतही नव्हतं. तेव्हा ते फक्त 'शाळेचे फोटो' होते.

आता ते २३ फोटो. बायका भिंतीकडेला उभ्या आहेत, दहा-बारा जणी. कोण कुणाची आई हे कोण सांगणार? म्हटलं चेहरे ओळखणारा प्रोग्राम लावू. पूर्वी पिकासा होता. गूगलने २००४ला घेतला आणि २०१६च्या मार्चमध्ये बंद केला. आमच्या वयाच्या कित्येकांनी त्यात तासन्‌तास बसून माणसांना नावं दिली. ती नावं तो सुरुवातीला फोटोत न लिहिता फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत लिहायचा, त्यामुळे फोटो एकटाच दुसरीकडे हलवला की नाव मागे राहायचं. म्हणून मी आता डिजिकॅम वापरतो. रात्रभर चालवला. सकाळी त्याने सांगितलं की आप्पांच्या संग्रहात सगळ्यात जास्त वेळा दिसलेली व्यक्ती आहे महात्मा गांधी. दुसऱ्या क्रमांकावर सावित्रीबाई. प्रत्येक वर्गफोटोत भिंतीवर त्याच हजर! बाकी ४१ पोरं, एकाच नाभिकाने एकाच दिवशी कापलेल्या केसांची, त्याने नऊ माणसांत गुंडाळली होती.

शेवटी आप्पांना बसवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अलीकडे सकाळी काय खाल्लं ते कधीकधी विसरतात. फोटो पूर्ण स्क्रीनवर एकेक सरकवत गेलो. सतराव्या फोटोवर म्हणाले, "थांब. ही. कडंवर लेकरू हाय ती. दोन्ही भावांना हीच सोडायला यायची. कपाळाला आन् हनुवटीला गोंदलेलं बघ." मी मोठा केला. पदर डोक्यावर, चेहरा झेंड्याकडे, हनुवटीवर तीन ठिपके. सापडली.

आता चेहरा म्हणजे काय, तर त्या फोटोत साधारण १४० पिक्सेलांचा. छापायला गेलं तर अर्धा इंच. त्याला तर भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा. स्टुडिओवाला म्हणाला, "काळजी करू नका, एआयवर टाकतो, एकदम क्लिअर." दोन मिनिटांत त्याने क्लिअर करून दिला. सुंदर फोटो. त्वचा गुळगुळीत, डोळ्यांत चमक, एकेक केस वेगळा. आणि गोंदण गायब. प्रोग्रामला ते ठिपके डाग वाटले असणार, पुसून टाकले. आप्पांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ही कोन?"

यात प्रोग्रामची चूक नाही म्हणा. १४० पिक्सेलांत जेवढी माहिती होती तेवढीच होती, बाकीची त्याने लाखो दुसऱ्या चेहऱ्यांवरून भरली. लग्नाच्या फोटोत आकाश निळं करायला ठीक आहे. पण ज्या मुलाकडे आईचा एकच फोटो असणार आहे, त्याला आपण दुसऱ्याच बाईचा चेहरा देऊ, आणि पाच-दहा वर्षांनी त्याला तोच आठवायला लागेल. मला ते जमेना. आम्ही ठरवलं की कापायचं नाही, घासायचं नाही. पूर्ण फोटो द्यायचा. झेंडा, खांब, रांगोळी, ओळीतली पोरं (त्यात तोही आहे, दुसऱ्या रांगेत, शर्टाचं एक बटण तुटलेला), आणि भिंतीकडेला ती. तीन मेगापिक्सेलचा फोटो आठ बाय सहा इंचाला व्यवस्थित छापून होतो.

वास्तुशांतीला आप्पा आणि मी गेलो. फोटो दिला. त्याने बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "गुरुजी, ही साडी ध्यानात हाय माझ्या." एवढंच. मग जेवणं झाली. जेवताना गावातली आणखी चार-पाच जणं आप्पांभोवती जमली. कुणाचा आजा, कुणाची बहीण, कुणाचा तो भाऊ जो पुढे पोलिसात गेला.

म्हणून आता काम वाढलंय. पद्धत सांगतो, कुणाला घरचे फोटो लावायचे असतील तर उपयोगी पडेल. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, सगळं प्रतीवर. आधी नावाने लावायचे, मग तारखेच्या पडझडी शोधायच्या, प्रत्येक तुकड्याला निदान दोन खुंट्या: फळा, कॅलेंडर, लग्नपत्रिका, केकवरचा आकडा, काहीही. फोल्डर फक्त वर्ष आणि महिन्याचे, 'नवीन' हा शब्द घरात बंद. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो शेवटचा पर्याय, कारण तो लहान होऊन येतो आणि चिठ्ठी वाटेत गळते. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि माणसांची नावं सांगणारं माणूस घरात असेपर्यंत नावं विचारून घ्यायची. बाकी सगळं पुढच्या वर्षी केलं तरी चालतं, हे एक नाही.

हे फोटो मी नेटवर टाकणार नाहीये. बऱ्याच जणांनी सुचवलं, "अल्बम कर, लिंक दे." पण ती दुसऱ्यांची लेकरं आहेत, आता मोठी झालीत, आणि अनवाणी पायांचा आपला फोटो जगाने बघावा की नाही हे त्यांनी ठरवायचं. ज्याचा आहे त्याला प्रिंट, एवढंच.

आप्पांनी स्वतःची वेगळी सोय केलीय. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नाही ("लाईट गेली मंजे?"). दोनशे पानी वही आणलीय. डावीकडे फोटोचा क्रमांक, उजवीकडे डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावं, खाली शेरा. हजेरीपटासारखंच. जो ओळखू येत नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि संध्याकाळी वाडीवर कुणालातरी फोन. आतापर्यंत ३१२ फोटो झालेत. पुढच्या शनिवारी मी जाईन तेव्हा तिसरा तुकडा घ्यायचाय. त्यात अजून एकही फळा सापडलेला नाही, पण एका फोटोत मागे भिंतीवर पोलिओच्या लसीकरणाची तारीख रंगवलेली आहे, अर्धी. अर्ध्या तारखेवर काही होतं का बघू.